लेकरू आजीजवळ ठेवून वावरात जाणारी माय आणि अटॅचमेंट थिअरी

सध्या मोबाईलवर अटॅचमेंट थिअरीचे (म्हणजे लेकराची सांभाळणाऱ्या माणसाशी जी ओढ जुळते तिच्याबद्दलच्या सिद्धांताचे) रील्स खूप फिरतात, की लहानपणी आई जवळ नसली तर मोठेपणी नाती टिकत नाहीत, अन् आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात लेकरू आजीजवळ ठेवून कापूस वेचायला जाणाऱ्या बाया ते पाहून उगाच मनाला लावून घेतात. म्हणून ही थिअरी आली कुठून ते सांगावंसं वाटलं.

सुरुवात जॉन बोल्बी या ब्रिटिश डॉक्टरपासून. 1907 चा जन्म, लंडनचं खातंपितं घर, आई दिवसातून तासभर भेटायची, सांभाळायची ती दाई, अन् ती दाई हा चारेक वर्षांचा असताना काम सोडून गेली, ते दुःख त्याला जन्मभर राहिलं. पुढे 1944 साली त्यानं चोरी करणाऱ्या 44 पोरांचा अभ्यास छापला, त्यातले बरेच लहानपणी मायपासून लांब पडलेले होते. मग महायुद्धात बेघर झालेल्या लेकरांवर 1951 ला जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्यात आई किंवा आईच्या जागी कायम असणारं माणूस असं लिहिलेलं आहे, पण लोकांनी "आई" तेवढंच उचललं अन् पुढचं सोडून दिलं, सगळा दोष बाईवर यायला तिथूनच सुरुवात झाली असं मला वाटतं.

त्या काळात ब्रिटनमध्ये दवाखान्यात लेकरू भरती केलं की आईबापाला जवळ थांबूच देत नव्हते. बोल्बीचा सहकारी जेम्स रॉबर्टसन यानं 1952 ला दोन वर्षांच्या पोरीवर फिल्म काढली, ती दवाखान्यात एकटी कशी कोमेजत जाते ते त्यात दिसतं, डॉक्टर लोक आधी चिडले पण 1959 ला सरकारी समितीनंच सांगितलं की आईबापाला भेटू द्या. आज मेळघाटात कुपोषित लेकरू पोषण पुनर्वसन केंद्रात भरती होते तेव्हा मायही सोबत राहते, हे आपल्याला साधं वाटतं पण तेव्हा तसं नव्हतं.

आता मेरी एन्सवर्थ, बोल्बीसोबत काम केलेली मानसशास्त्रज्ञ, माझ्या मते या सगळ्यात खरी कामाची बाई हीच. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती 1954 ला युगांडात गेली अन् कंपालाजवळच्या खेड्यांत 26 घरी जाऊन लेकरं पाहत बसली. शेतीवाडीची घरं, लेकरू कधी मायजवळ कधी दुसऱ्या कोणाजवळ. तिला काय दिसलं, तर सांभाळणारे एकापेक्षा जास्त असले म्हणून लेकराची मायची ओढ कमी होत नाही, फरक पडत होता तो दुसऱ्याच गोष्टींनी, जसं की माय आपल्या लेकराबद्दल किती बारीकसारीक सांगू शकते. म्हणजे ही थिअरी पहिल्यांदा नीट पाहिली गेली ती आपल्यासारख्याच खेड्यात, हे रीलवाले काहून सांगत नाहीत? नंतर तिनं अमेरिकेत बाल्टिमोरला वीसेक मिनिटांची चाचणी बसवली, माय खोलीतून जाते अन् परत येते तेव्हा वर्षभराचं लेकरू काय करते ते पाहायचं. सुरक्षित, टाळणारं, चिकटून रडणारं हे प्रकार त्यातले, चौथा, गोंधळून जाणारं, हा 80 च्या दशकात जोडला.

मोठ्या माणसांच्या प्रेमाला हे लावलं हेझन अन् शेव्हर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी, 1987 साली, अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या पेपरात प्रश्नावली छापून. रील्समधलं बरंचसं तिकडूनच आलेलं आहे. पण अमेरिकेतच मिनेसोटात 70 च्या दशकापासून वर्षानुवर्षे ज्या लेकरांच्या मागे राहून अभ्यास केला, त्यात दिसलं की सुरुवातीच्या नात्याचा परिणाम राहतो तरी पुढची माणसं अन् परिस्थिती तो बदलवूही शकतात.

म्हणजे खरा प्रश्न माय वावरात जाण्याचा नाही, मागे लेकरू सांभाळायला कोणी आहे का हा आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर 6 वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असली तर त्यातल्याच एका बाईला ती सांभाळायला ठेवायचं अन् तिला मजुरी द्यायची. दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाणाऱ्या बायांना तसं काहीच नाही, मग ज्या घरी आजी नाही तिथं दहा वर्षांची पोरगी शाळा बुडवून भावाला कडेवर घेऊन बसते, अन् माझा राग याच्यावर आहे, माय वावरात जाते त्याच्यावर नाही.