शस्त्रक्रियेआधी दात जास्त वाकडे का दिसू लागतात?

चेहऱ्याचा तिरकेपणा घालवण्यासाठी तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया असा एकत्रित उपचार घेणारे आमचे रुग्ण सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास एक प्रश्न हमखास विचारतात : ‘डॉक्टर, दात सरळ करायला आलो होतो, हे तर आधीपेक्षा जास्त बाजूला गेले!’ कधी हा प्रश्न आई-वडील फोनवर विचारतात, आणि कधी कोणीच विचारत नाही. रुग्ण फक्त यायचा थांबतो. अशा थांबण्यात ज्यांचे महिने वाया गेले, त्यांच्याकडे पाहून हे पत्रक लिहावेसे वाटले.

समजा, खालचा जबडा वाढताना डावीकडे सरकला आहे. वर्षानुवर्षे चावता यावे म्हणून दात आपापल्या परीने जुळवून घेतात. डावीकडच्या वरच्या दाढा गालाकडे कलतात, त्यांच्याखालच्या दाढा जिभेकडे झुकतात आणि खालचे पुढचे दात उजवीकडे कलून वरच्या दातांची मध्यरेषा गाठण्याचा प्रयत्न करतात. त्यामुळे हनुवटी मध्यापासून सहा मिलिमीटर सरकलेली असली, तरी दातांच्या मध्यरेषेत फरक दोनच मिलिमीटरचा दिसू शकतो. याच स्थितीत शस्त्रक्रिया केली, तर शल्यचिकित्सकाला जबडा दोनच मिलिमीटर हलवता येईल, कारण तेवढ्यात दात एकमेकांवर बसतात. उरलेले चार मिलिमीटर चेहऱ्यावर तसेच राहतील. हनुवटीचे हाड वेगळे कापून थोडे सरकवता येते, हे खरे. पण त्याने जबड्याच्या दोन्ही कडांमधला फरक जात नाही.

म्हणून तारांचे पहिले काम दातांनी केलेली ही तडजोड मोडण्याचे असते. प्रत्येक दात त्याच्या हाडात सरळ उभा केला, की जबड्याचा मूळ दोष पूर्ण मापाने उघडा पडतो; खालची मध्यरेषा हनुवटीबरोबर डावीकडे जाते आणि डाव्या बाजूच्या खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर येतात. आरशात दिसणारा बिघाड म्हणजे उपचार ठरल्याप्रमाणे पुढे सरकत असल्याची खूण आहे. हा टप्पा बहुधा बारा ते अठरा महिने चालतो.

खरी चूक इथेच होते, आणि ती रबरांची, म्हणजे तारांच्या हुकांना ताणून अडकवायच्या छोट्या रबरी कड्यांची असते. या टप्प्यात आम्ही दिलेले रबर दातांना ‘उलट्या’ दिशेने ओढतात. मैत्रिणीच्या तोंडातले रबर वेगळ्या बाजूला अडकवलेले पाहून काही जण आपले रबरही तसेच लावतात, काही जण फक्त झोपताना लावतात, तर काही जण दुसरीकडे जाऊन ‘एवढे दात जुळवून द्या’ अशी मागणी करतात, आणि ते जुळवूनही मिळतात. एक विद्यार्थिनी परीक्षेच्या काळात चार महिने आली नाही. रबर तिने आपल्या समजुतीने दुसऱ्या हुकांना अडकवले होते. दात पाहिले तर जवळजवळ पहिल्या दिवसाच्या जागी परतले होते, आणि तेच काम आम्हाला पुन्हा आरंभापासून करावे लागले. रबर जेवण आणि दात घासणे एवढा वेळ सोडून दिवसभर लावायचे असतात आणि रोज बदलायचे असतात, कारण ताणलेला रबर काही तासांतच सैल पडतो.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात निष्काळजीपणा आणखी महागात पडतो. तेव्हा दात न हलवणारी जाड तार बसवून मापे घेतली जातात आणि त्या मापांवरून शस्त्रक्रियेत दातांमध्ये ठेवायची प्लास्टिकची पट्टी तयार होते. मापे दिल्यानंतर एखादा ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निघाला आणि कळवला नाही, तर तो दात किंचित हलतो व पट्टी बसत नाही. सुटलेला ब्रॅकेट फेकू नका, त्याच दिवशी फोन करा. खालच्या अक्कलदाढाही साधारण सहा महिने आधी काढाव्या लागतात, म्हणजे जिथे जबडा उभा चिरायचा तिथले हाड भरून येते.

आम्ही शस्त्रक्रियेची तारीख पहिल्या भेटीत देत नाही, याबद्दल नाराजी आमच्या कानावर येते. यामागे कारण आहे. जबड्याची वाढ थांबलेली नसताना केलेली दुरुस्ती पुढे वाढीबरोबर पुन्हा बिघडते. कानापुढच्या सांध्याचे एका बाजूचे टोक विशीतही वाढत राहू शकते; त्याचा संशय आला तर आम्ही हाडाचा स्कॅन सांगतो, आणि वाढ चालू असेल तर थांबतो किंवा आधी त्या टोकाचा विचार करतो. काही निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया आधी व तारा नंतर असाही क्रम ठेवता येतो, पण त्यासाठी दातांची तडजोड मुळात थोडीच असावी लागते.

प्रत्येक तिरक्या चेहऱ्याला शस्त्रक्रिया लागत नाही, आणि तसे असेल तेव्हा आम्ही तसे सांगतो. लहान मुलाची हनुवटी तोंड मोठे उघडल्यावर मध्यावर येत असेल आणि दात मिटताना शेवटच्या क्षणी बाजूला घसरत असेल, तर दोष बहुधा अरुंद वरच्या जबड्याचा असतो. अशा मुलाला अठराव्या वर्षापर्यंत न थांबता लवकर आणावे. मोबाईलच्या सेल्फीवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण आपल्याला आरशातल्या उलट्या प्रतिमेची सवय असते आणि जवळून घेतलेला फोटो चेहरा विकृत करतो. आमच्याकडे दाढांमध्ये लाकडी पट्टी आडवी धरायला सांगतात, ती याचसाठी : ती डोळ्यांच्या रेषेला समांतर नसेल, तर वरचा जबडाही कललेला आहे आणि बहुतेकदा दोन्ही जबडे हलवावे लागतात.

शस्त्रक्रियेनंतरचे थोडक्यात. चिरा तोंडाच्या आतून असतात, हाड टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी जोडले जाते, सहाएक आठवडे अन्न मऊच लागते. खालचा ओठ बधीर राहणे सामान्य आहे. ते हळूहळू कमी होते, पण काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो, म्हणून संमतिपत्र वाचून सही करा. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, उरलेली काही महिने रेंगाळते. तारा शस्त्रक्रियेनंतरही साधारण सहा ते बारा महिने राहतात.

दर भेटीला आम्ही घेतलेले फोटो तारखेनुसार ठेवलेले असतात. शंका आली तर मागून घ्या, पहिल्या दिवसाचा आणि आजचा शेजारी ठेवून दोन्ही डॉक्टर, तारांचे आणि शस्त्रक्रियेचे, एकत्र बसून समजावतात. त्यासाठी वेगळी भेट ठरवावी लागत नाही. रबरांचे पाकीट संपत आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, स्वागतकक्षात आपले कार्ड दाखवून नवीन पाकीट लगेच मिळते.