शेन्झेनचे कामगार आणि हुकोऊची भिंत

चीनच्या आर्थिक उत्कर्षाची कथा बहुधा डिसेंबर 1978 पासून, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या ज्या बैठकीत डेंग शियाओपिंग यांच्या सुधारणांचा मार्ग मोकळा झाला तेथून, सांगितली जाते. तिचे एक मूळ मात्र वीस वर्षे मागे, 1958 साली लागू झालेल्या हुकोऊ या कुटुंबनोंदणीच्या नियमांत आहे. या नोंदणीने प्रत्येक कुटुंबावर शेतकी किंवा बिगरशेतकी असा शिक्का मारला आणि शहरातले धान्य, घर, नोकरी व औषधोपचार बिगरशेतकी शिक्क्यालाच मिळू लागले. आपल्याकडचे रेशनकार्ड डोळ्यांसमोर आणले, तर या कागदाची निम्मीच कल्पना येते, कारण 1998 पर्यंत तो शिक्का आईकडून मुलाकडे वारशाने येत असे. कारखानदारी उभारण्यासाठी गावांतून स्वस्तात धान्य उचलायचे, तर ते पिकवणारा माणूस गावातच राहायला हवा, असा यामागचा हिशेब होता.

1978 च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील श्याओगांग गावच्या 18 शेतकरी कुटुंबांनी सामुदायिक शेतजमीन गुपचूप आपसांत वाटून घेतली. सरकारचा वाटा देऊन उरलेले धान्य ज्याचे त्याने ठेवायचे आणि या करारापायी कोणी तुरुंगात गेल्यास त्याची मुले इतरांनी सांभाळायची, असे त्यांनी ठरवले. पुढे हीच रीत देशभर मान्य झाली. पीक वाढले, पण त्याचबरोबर एवढ्या माणसांची शेतात गरज नाही, हेही उघड झाले. यातील बरेच हात गावोगावच्या छोट्या कारखान्यांत गेले, तर बाकीचे दक्षिणेकडे निघाले.

दक्षिणेत हाँगकाँगच्या सीमेलगतच्या शेन्झेनला 1980 साली विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला होता. परकीय भांडवल तेथे करसवलतींमुळे आले, असे म्हटले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. कामगार शहरात, पण त्याची नोंद गावात, त्यामुळे त्याची मुले, म्हातारे आई-वडील आणि आजारपण यांचा भार शहराने उचलायचा नाही, ही व्यवस्था कारखानदाराला कोणत्याही करसवलतीइतकीच लाभदायक होती. कारखान्याच्या आवारातील वसतिगृहात एकेका खोलीत कित्येक जण राहत आणि नववर्षाच्या सुटीत एकदाच गावी जात. 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाल्यावर निर्यातीची जी लाट उठली, ती याच मनुष्यबळावर.

त्याची किंमत गावांनी मोजली. आई, वडील किंवा दोघेही कामासाठी बाहेर गेल्याने गावात मागे राहिलेल्या मुलांची संख्या 2010 च्या जनगणनेच्या आधारे सुमारे 6.1 कोटी धरली गेली. शहरात तात्पुरता परवाना जवळ नसलेल्यांना पकडून गावी धाडण्याची पद्धत तर 2003 मध्ये, ग्वांगझोऊत एका तरुणाचा कोठडीत मारहाणीने मृत्यू झाल्यावर, रद्द झाली.

2014 साली शेतकी-बिगरशेतकी हा भेद संपवण्याची घोषणा झाली. मोठ्या शहरांनी मात्र शिक्षण, नोकरी आणि विमा यांवर गुण देऊन नोंद देण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेवला. 2020 च्या जनगणनेत शेन्झेनची लोकसंख्या सुमारे 1.75 कोटी भरली, आणि त्यांपैकी निम्म्यांहून कमी लोकांची नोंद त्या शहरात होती.