पितळी नेमप्लेट बनते कशी आणि तिच्यात रंग कसा भरायचा

तुमच्या मॉडेल इंजिनची पाटी हातात आली असेल किंवा ऑर्डर द्यायचा विचार चालू असेल, तर हे एकदा वाचून घ्याच, कारण पाटी बिघडते ती बहुतेक वेळा रंग भरताना बिघडते.

आम्ही १ मिमी जाडीचा पितळी पत्रा घेतो, त्यावर तुमच्या डिझाइनचा रेझिस्ट, म्हणजे खालचं पितळ वाचवणारा थर, चढवतो आणि पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे पितळ खाणाऱ्या द्रावणात, सोडतो. उघडं पितळ खाल्लं जातं, साधारण ०.३ मिमी खोल गेलं की बाहेर काढतो. पण ते द्रावण नुसतं खाली खात नाही, बाजूनेही खातं, त्यामुळे उठावाच्या अक्षरांची रेघ अर्ध्या मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. नाव देवनागरीत असेल तर अनुस्वाराकडे नीट बघा. ते टिंब एकटंच उभं असतं, चारही बाजूंनी कुरतडलं जातं आणि बारीक असेल तर गायबच होतं, मग ‘सिंह’चा ‘सिह’ झालाच समजा. म्हणून आम्ही टिंब मुद्दाम जाड करतो, प्रूफमध्ये बोजड वाटलं तरी राहू द्या.

आता रंग. पाटी साबणाने धुवा, वाळवा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर समोरच्या बाजूला बोट लावू नका, बोटाचं तेल राहिलं की रंग पापडीसारखा सुटतो. ऑइल इनॅमल वापरा. ब्रिटिश रेल्वेच्या इंजिनांच्या नावाच्या पाट्यांना अक्षरांमागे लाल किंवा काळा रंग असायचा, ते दोन्ही पितळावर फार छान उठून दिसतात. रंग थोडा पातळ करून ब्रशच्या टोकाने खळग्यात सोडायचा, तो आपोआप कोपऱ्यात पळतो, अक्षरांवर चढला तर चढू दे. बुडबुडा दिसला की सुईने फोडा. एकदम काठोकाठ भरू नका, वर साय धरते, आत ओलं राहतं आणि नंतर रंग खाली बसतो. दोन पातळ थर द्या, मधे एक दिवस जाऊ द्या.

सुरुवातीला आम्हीही ओला रंग थिनरच्या फडक्याने पुसायचो. फडकं खळग्यात दबतं आणि अक्षराच्या कडेचा रंग ओढून नेतं, एका पाटीवर तर प्रत्येक अक्षराभोवती पिवळी किनार राहिली आणि सगळा रंग काढून परत भरावा लागला. म्हणून ओलं असताना पुसूच नका. दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्या, मग सपाट जाड काचेवर ८०० नंबरचा वॉटर पेपर ठेवा, थोडं पाणी टाका आणि पाटी उलटी धरून लांबीच्या दिशेने सरळ घासा, गोल गोल अजिबात नाही. चार-पाच हात मारले की उचलून बघा. आधी अक्षरांच्या मधोमध पितळ चमकतं, मग कडा साफ होतात. बॉर्डर आणि अक्षरं एकाच उंचीला असल्याने पेपर फक्त त्यांच्यावर टेकतो आणि खळग्यातला रंग तसाच चकचकीत राहतो. शेवटी १२०० नंबर मारा, धुवा, वाळवा आणि क्लिअर लॅकरचा एक पातळ हात द्या, नाहीतर घामाच्या हाताने पितळ लवकर काळवंडतं.

पाटी वाकवायची असेल किंवा मागे सोल्डर करायची असेल तर ते सगळं रंगाच्या आधी उरकून घ्या. पाटी बॉयलर किंवा सिलिंडरच्या अगदी जवळ बसणार असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, तिथे साधं इनॅमल काळपट पडतं, मग आम्ही उष्णता सहन करणारा रंग भरून देतो.