रॉकेट समुद्रातून सोडलं तरी परवानगी सुटत नाही

श्रीहरिकोट्याला नंबर लागायला वेळ जातो, मग बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यावर, रॉकेट चढवून खोल समुद्रातून सोडलं तर कागदपत्रं वाचतील, असा समज जळगाव-धुळ्याकडच्या तरुण इंजिनिअरांमध्ये आहे. कागद वाचत नाहीत, वाढतात.

भारतीय कंपनीचं रॉकेट जमिनीवरून उडो की जहाजावरून, अहमदाबादच्या इन-स्पेसची, म्हणजे खासगी अंतराळ उड्डाणांना परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मंजुरी लागतेच. 1972 च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार रॉकेट कुणाच्या जमिनीवर कोसळलं तर भरपाईचा दावा थेट देशावर येतो. 12 सागरी मैलांच्या, म्हणजे देशाच्या सागरी हद्दीच्या, पुढे गेलात म्हणून ही जबाबदारी संपत नाही. बार्जवर परदेशी झेंडा असेल तर तो देशही त्यात येऊ शकतो, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी नोंदणीचे कागद बघा.

अर्जदार भारतात नोंदलेली संस्था हवी. कॉलेजच्या क्लबचं लेटरहेड चालत नाही. परकीय गुंतवणूक 49 टक्क्यांच्या वर असेल तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. पोर्टलवर नोंदणी, संचालकांची माहिती, शुल्क हे एका बैठकीत होतं.

खरा अडतो तो उड्डाण सुरक्षेचा अहवाल. रॉकेट भरकटलं तर तुकडे कुठे पडतील, वस्तीला धोका किती, उड्डाण मध्येच कसं थांबवणार, हे सगळं आकड्यांत लागतं. सातपुड्याच्या पायथ्याची पडीक जमीन इथेच बाद होते, कारण कुठल्याही दिशेला सोडा, खाली गावं आणि केळीच्या बागा. स्कायरूट आणि अग्निकुल या भारतीय खासगी कंपन्यांची रॉकेटं, विक्रम-एस (2022) आणि अग्निबाण (2024), श्रीहरिकोट्यालाच उडाली, कारण पुढे मोकळा समुद्र आहे. बार्जवरून सोडायचं तर मासेमारी बोटी, मालवाहू जहाजं, विमानं यांना आगाऊ इशारा द्यावा लागतो, आणि बार्ज डुलतं, सरकतं, त्याचाही हिशेब अहवालात हवा. सी लाँच कंपनीने 1999 ते 2014 विषुववृत्तावरून रॉकेटं सोडली. तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला सुमारे 465 मीटर वेग फुकट मिळतो, पण त्या कंपनीनेही 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

निर्णयाला साधारण 75 ते 120 दिवस सांगितले जातात. ते पूर्ण अर्जाचे दिवस आहेत. खुलासा मागितला की मुदत लांबते, म्हणून गुंतवणूकदाराला तारीख देऊ नका.

इन-स्पेसला एक खिडकी म्हटलं तरी बाकीची दारं तुम्हालाच ठोठवायची आहेत, आणि याचा अर्जदारांना फार त्रास होतो. रेडिओ लहरींसाठी दूरसंचार विभाग, घन इंधनासाठी नागपूरचं पेसो, म्हणजे स्फोटकांचे परवाने देणारी केंद्र सरकारची संस्था. पेसोचा परवाना हातात येईपर्यंत एमआयडीसीच्या शेडमध्ये इंधन अजिबात आणू नका, शेजारच्या शेडमध्ये माणसं कामाला असतात.