पारदर्शक पाकीट आणि नाण्यांवरचा हिरवा थर

कोणत्याही पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात नाणे ठेवले की ते कायमचे सुरक्षित राहते, असा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. हवा आणि बोटांचा स्पर्श टळतो हे खरे असल्याने तो पटतोही. परंतु सर्व प्लास्टिके एकसारखी नसतात.

मऊ, लवचिक पाकिटे बहुधा पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड) या प्लास्टिकची असतात. पीव्हीसी मुळात कडक असते व त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे मऊ होते. काळ आणि उष्णता यांमुळे हा पदार्थ बाहेर झिरपतो, पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर चढतो. जगभरातील नाण्यांच्या संग्रहात तांबे, कांसे व तांबे-निकेल मिश्रधातूंची नाणी विपुल असल्याने हा धोका विशेष गंभीर आहे, कारण तांबे या आम्लाला लवकर बळी पडते. मात्र चांदीची नाणीही यातून सुटत नाहीत.

पडताळणीसाठी रिकाम्या पाकिटाचा तुकडा पाण्यात पूर्ण बुडवून, त्यावरचे हवेचे बुडबुडे झटकून सोडावा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, पीव्हीसी बुडते. अर्थात सुरक्षित मानले जाणारे पॉलिएस्टरही बुडते, म्हणून बुडणे हा दोषाचा पुरावा नव्हे. तरंगणारा तुकडा मात्र पीव्हीसीचा नाही. नव्या प्लास्टिकच्या पडद्यासारखा उग्र वास आणि स्पर्शाला जाणवणारा चिकटपणा याही खुणा आहेत. शंका राहिल्यास पॉलिएस्टरचे किंवा पीव्हीसीमुक्त असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले पाकीट घ्यावे आणि जुन्या पाकिटांतील नाणी आधी बाहेर काढावीत.