बुकिंग झालं, गाडी अजून शोरूमलाच: विदर्भातल्या ईव्ही खरेदीमागची थोडी पार्श्वभूमी

२१,००० भरून इलेक्ट्रिक कार (ईव्ही) बुक करायची आणि गाडी आली असा शोरूममधून फोन आला की 'थांबा जरा, कापूस निघू द्या' म्हणायचं, हे आमच्याकडे आता नवीन राहिलं नाही. बाहेरच्यांना वाटते खेड्यातला माणूस बॅटरीला भिऊन राहिला. भीती आहे थोडीफार, नाही असं नाही, पण मागच्या पाच-सहा वर्षांत काय काय झालं ते पाहिलं तर थांबणारा माणूस बहुतेक वेळा फायद्यातच राहिला, आणि ही गोष्ट कास्तकाराला बरोबर समजते.

सुरुवातीचं फार उगाळत नाही. बंगळुरूची छोटी इलेक्ट्रिक गाडी २००१ ला आली, ती आमच्यापर्यंत फक्त पेपरातल्या फोटोतून पोचली. गाडी न पाहताच आगाऊ पैसे भरायचं वेड जगभर चढलं ते २०१६ मध्ये, अमेरिकेच्या टेस्ला कंपनीच्या मॉडेल थ्रीसाठी लोकांनी हजार-हजार डॉलर भरले तेव्हा. त्यातल्या बऱ्याच लोकांना ३५,००० डॉलरवाली स्वस्त गाडी पाहिजे होती, ती मिळायला २०१९ उजाडलं, म्हणून नंबर लागूनही कितीतरी जण थांबले. भारतातूनही काहींनी पैसे भरले होते. ती कंपनी इथं गाडी विकायला आली २०२५ च्या जुलैत, तेही दुसरं मॉडेल घेऊन आणि ६० लाखाच्या आसपास! जाऊ द्या.

आपल्याकडे खरी सुरुवात २०२० ची. जानेवारीत टाटाची नेक्सॉन ईव्ही जवळपास १४ लाखाला आली, पण तेव्हा घेणारे नागपूर-अमरावतीचे डॉक्टर, बिल्डर. मग २०२१ च्या जुलैत राज्याचं ईव्ही धोरण आलं, कारला बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरमागे (म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या दर युनिटमागे) ५,००० रुपये अनुदान, जास्तीत जास्त दीड लाख, ते पण पहिल्या १०,००० गाड्यांनाच, आणि लवकर घेणाऱ्याला वरून आणखी एक लाखापर्यंत. लवकर म्हणजे ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत, आणि तारीख संपत आली तशी ती वाढवून ३१ मार्च २०२२ केली. म्हणजे ज्यांनी डिसेंबरात उधार-उसनवार करून घाई केली त्यांना आणि मार्चपर्यंत निवांत बसलेल्यांना सारखंच मिळणार. लोकांनी यातून काय शिकायचं ते शिकले.

केंद्राच्या सबसिडीचा घोळ वेगळाच. खासगी कारला ती नव्हतीच, दुचाकी, तीनचाकी, बस आणि टॅक्सीसाठीच्या गाड्यांना होती, तरी शोरूमला जाऊन 'सबसिडी कधी येणार' विचारणारे आणि येईपर्यंत पैसे न भरणारे खूप होते. २०१९ च्या बजेटमध्ये ईव्ही कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्समध्ये सूट दिली होती, मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना. मास्तर लोकांना ठीक आहे, पण ज्याला शेतीच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही त्याला ती सूट काय कामाची? उलट रिटर्न भरलेलं नाही म्हणून बँकेत त्याचीच फाइल अडकते.

गावापर्यंत विषय आला तो टाटाच्याच छोट्या टियागो ईव्हीमुळं. २८ सप्टेंबर २०२२ ला किंमत जाहीर झाली, ८.४९ लाखापासून, पहिल्या दहा हजार लोकांसाठीच हा भाव असं म्हणाले, १० ऑक्टोबरला बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी १०,००० बुकिंग झाले. डिलिव्हरी २०२३ च्या सुरुवातीला. पुढं भाव थोडा वाढला आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं स्वतःच ७० हजारापर्यंत कमी करून गाडी ७.९९ पासून सुरू केली, नेक्सॉन ईव्ही तर १ लाख २० हजारापर्यंत स्वस्त झाली. त्याच वर्षी सणासुदीला परत कपात. म्हणजे 'लवकर करा, भाव वाढणार' हे ऐकून धावलेला माणूस दीड वर्षात पस्तावला आणि बुकिंग लटकवून ठेवलेला वाचला. त्यात बुकिंगच्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलंच असते की डिलिव्हरीच्या दिवशीचा भाव लागू. भाव वाढला तर तुमच्या माथी, मग कमी व्हायची वाट पाहिली तर चुकलं कुठं?

पण खरा गोंधळ २०२५ चा, आणि अजून त्यावर चौकाचौकात वाद चालतो. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सांगितलं की जीएसटी कमी होणार, दिवाळीची भेट. किती, कशावर, कधीपासून, काहीच नाही. झालं, त्या दिवसापासून गिऱ्हाईक थिजलं. २२ ऑगस्टला पोळा होता, पोळ्याला गाडी घरी आणायची असं ठरवलेल्यांनी पण हात आखडला. ३ सप्टेंबरला निर्णय आला, अंमल २२ सप्टेंबरपासून. मधात ८ तारखेपासून पितृपक्ष, त्यात तसंही कोणी गाडी उचलत नाही, आणि २२ ला घटस्थापना. लोकं म्हणाले बरंच झालं, मुहूर्त आणि भाव एकाच दिवशी.

पण निर्णय पाहिला तर छोट्या पेट्रोल गाड्यांचा टॅक्स सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला, छोट्या डिझेलचा ३१ वरून १८, आणि इलेक्ट्रिक जिथल्या तिथं, ५ टक्के. ती ऑगस्ट २०१९ मध्येच १२ वरून ५ वर आली होती, म्हणून तिला आणखी काय देणार असा सरकारी बाजूचा मुद्दा, आणि तो अगदीच खोटा नाही. पण घेणारा टक्के पाहत नाही, दोन गाड्यांमधला फरक पाहतो. ८ लाखाची पेट्रोल गाडी पूर्ण कपात धरली तर ७ लाख ३२ हजाराच्या आसपास आली, म्हणजे इलेक्ट्रिक न वाढताच ६८ हजारानं महाग वाटायला लागली. ज्यांनी ऑगस्टात ईव्ही बुक केली होती ते तर महिनाभर याच आशेवर होते की आपली पण उतरेल. रोड टॅक्सचा हिशोब मात्र या गडबडीत कोणी धरला नाही. राज्यात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखापर्यंत ११ टक्के लागतो, त्या ७.३२ लाखावर ८० हजार तिथंच जातात आणि ईव्हीला तो माफ आहे. माझ्या मते हे शोरूमवाल्यांनी ओरडून सांगायला पाहिजे होतं, पण त्यांच्याकडे पेट्रोल गाड्यांची गर्दी उसळली होती, ते कशाला सांगतील.

आणि नेमक्या त्याच महिन्यात शेताचं वाटोळं झालं. परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरपर्यंत. सप्टेंबरच्या पावसानं यवतमाळ, वाशिम, बुलढाण्याकडे सोयाबीन सडलं. हमीभाव ५,३२८ जाहीर असून बाजारात त्याच्या खाली विकलं गेलं. डाउन पेमेंट ज्या पैशातून द्यायचं तोच पैसा आला नाही, तर गाडी कोणती हा प्रश्न नंतरचा. याला 'ग्राहकांमध्ये संभ्रम' म्हणणाऱ्यांनी एकदा बाजार समितीत यावं.

दुसरी अडचण घरातल्या मीटरची, तिच्याबद्दल बुकिंगच्या वेळी कोणी बोलत नाही. गाडीसोबत येणारा १५ अँपियरचा चार्जर ३.३ किलोवॅट ओढतो, आणि खेड्यातल्या बऱ्याच घरांचा मंजूर लोड एक-दोन किलोवॅटचा. लोड वाढवायला अर्ज करा, डिमांड भरा, लाइनमनची वाट पाहा. त्यात अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनचं बोर्ड असते पण तिसरी पिन कुठंच गेलेली नसते, पंखा-टीव्हीला काही फरक पडत नाही, गाडीचा चार्जर मात्र लाल लाइट दाखवून सरळ बंद पडतो. मग अंगणात खड्डा खणा, प्लेट टाका, मीठ-कोळसा भरा, उन्हाळ्यात पाणी टाकत राहा. काही वायरमन अर्थिंगची वायर न्यूट्रललाच जोडून देतात, चार्जर चालू होतो, पण ते धोक्याचं काम आहे, गाडीच्या बॉडीत करंट उतरू शकतो, असं करू देऊ नका.

वावरात घर असलं तर आणखी पंचाईत. गावठाण फीडर वेगळा, शेतीचा वेगळा, शेतीची थ्री फेज दिवसा आठ तास नाहीतर रात्री, पाळीनं. आणि पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावणं नियमात बसत नाही. २४ किलोवॅट-अवरची बॅटरी त्या छोट्या चार्जरवर भरायला आठ-नऊ तास लागतात, मग भरायची कधी? ज्यांना हे बुकिंगनंतर समजलं त्यांची डिलिव्हरी दोन-दोन महिने लांबली. त्यात कंपनीचा दोष नाही आणि त्यांचाही नाही.

बाकीची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाते तेव्हा एसी लावून रेंज (एका चार्जवर गाडी जाते ते अंतर) किती पडते, हा प्रश्न रास्तच आहे, टियागो ईव्हीचे सुरुवातीला कागदावर सांगितलेले ३१५ किलोमीटर प्रत्यक्षात मिळत नाहीत हे कंपन्याही आता आडून मान्य करतात. समृद्धीवर ईव्हीला टोल माफ असं २०२५ च्या धोरणात आलं, पण जाहीर झाल्यावरही फास्टॅगमधून पैसे कटल्याच्या तक्रारी राहिल्याच, त्यामुळं त्या एका गोष्टीवर कोणी गाडी उचलत नाही.

बॅटरीची वॉरंटी मात्र थांबणाऱ्यांसाठी हल्ली मोठं कारण झाली आहे. आधी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती, २०२५ मध्ये काही मोठ्या बॅटरीच्या मॉडेलांवर 'लाइफटाइम' आली, म्हणजे पंधरा वर्षं. लगेच लहान बॅटरी बुक केलेले लोक विचारायला लागले, आमच्यावर कधी? आणि २०२३ च्या पहिल्या लाटेत घेतलेल्या गाड्या, फार चालवल्या नसतील तर, २०३१ पर्यंत वॉरंटीतच आहेत, म्हणून वॉरंटी संपल्यावर बॅटरी केवढ्याला पडते याचा घरगुती अनुभव अजून आमच्या भागात कोणाकडे नाही. ते पाहूनच घेऊ म्हणणारेही आहेत, आणि त्यांचे २१,००० तोपर्यंत शोरूमकडेच पडून राहतील असं दिसते.