पार्श्वभूमी : सोपी भाषा सुगम्यतेच्या नियमांतून कशी गळाली

सॉफ्टवेअर अपंगांसह सगळ्यांना वापरता येते का, म्हणजेच ते सुगम्य आहे का, याची तपासणी करताना अक्षरे आणि त्यांच्यामागचा रंग यांतला फरक मोजतात. चित्रांना पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, आहे का, माउसला हात न लावता काम होते का, हेही पाहतात. पडद्यावरचे वाक्य वाचणाऱ्याला समजते का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता असे नाही. १९९९ मध्ये तो नियमांत होता, तोही पहिल्या प्राधान्याचा. पुढच्या नऊ वर्षांत तो पार तळाला गेला.

१९९९ च्या आधीचा काळ मुख्यतः पडदा वाचून दाखवण्याच्या धडपडीचा होता. जुन्या संगणकांवर नुसती अक्षरे असत आणि स्क्रीन रीडर ती थेट मेमरीतून उचलून बोलून दाखवी. चित्रमय पडदे आले तेव्हा अक्षरांच्या जागी ठिपके उरले, आणि संगणकावर काम करणाऱ्या अंध लोकांना नोकऱ्या जाण्याची भीती वाटू लागली. त्यांनी नेटाने आवाज उठवला, म्हणून पुढची बहुतेक तंत्रे त्यांच्या गरजेभोवती उभी राहिली. हे योग्यच झाले. पण ज्यांना वाचताना ओळ निसटते, ज्यांच्या लक्षात सूचना राहत नाहीत किंवा ज्यांना लांब वाक्याचा अर्थ लागत नाही, त्यांची बाजू मांडणारे या चर्चेत फारसे कोणी नव्हते.

मे १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजीची, म्हणजे वेबवरचा आशय अपंगांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांची, पहिली आवृत्ती आली. त्यात १४ मार्गदर्शक सूत्रे, ६५ तपासमुद्दे आणि तीन प्राधान्ये होती. शेवटच्या सूत्रातला पहिला मुद्दा असा होता, की आशयाला शोभेल अशी जास्तीत जास्त स्पष्ट आणि सोपी भाषा वापरा. त्याला पहिले प्राधान्य होते. म्हणजे हे पाळले नाही, तर काही लोकांना तो मजकूर वापरताच येणार नाही, अशी कबुली त्या दस्तऐवजानेच दिली होती.

पुढच्याच वर्षी हे प्रकरण कायद्याच्या हाती गेले. ऑगस्ट २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळाबद्दल एका अंध वापरकर्त्याने केलेली तक्रार मान्य झाली आणि पुढे आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यांसाठी नियम प्रसिद्ध झाले. त्यांतले वेबबद्दलचे १६ नियम बरेचसे डब्ल्यूसीएजीच्या पहिल्या प्राधान्यावर बेतलेले होते. सोप्या भाषेचा मुद्दा मात्र त्यांनी वगळला. कारणही नोंदवले: मुद्दा चांगला आहे, पण सोपे कशाला म्हणायचे हे व्यक्तिसापेक्ष असल्याने अंमलबजावणी अवघड आहे.

त्या एका कारणाने पुढच्या आवृत्तीची सगळी दिशा ठरवली, असे मला वाटते.

दुसऱ्या आवृत्तीचे काम २००१ च्या सुमारास सुरू होऊन डिसेंबर २००८ मध्ये संपले. पहिल्या आवृत्तीबद्दलची मोठी तक्रार तिच्या मोघमपणाची होती. दोन जाणकार एकच पान तपासत आणि दोन वेगळे निष्कर्ष काढत. दावा उभा राहिला तर न्यायाधीशाने काय धरून निकाल द्यायचा? म्हणून नव्या आवृत्तीने ठरवले, की प्रत्येक निकष तपासण्याजोगा असलाच पाहिजे. यंत्राने तपासा किंवा माणसाने, उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच यायला हवे. माणसाने तपासायचे असेल तर किमान ८० टक्के जाणकारांचे एकमत व्हावे, अशी अपेक्षा होती.

ऐकायला यात काही खटकत नाही. पण ही चाळणी लावताच आत काय उरते आणि बाहेर काय पडते ते पाहा. रंगांतला फरक मोजता येतो, तो आत राहिला. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे दिसते, तेही आत राहिले. ‘हे वाक्य समजते का’ याला मोजपट्टी नव्हती. वाक्याची लांबी आणि शब्दांतले उच्चारखंड मोजणारी सूत्रे होती, पण ती इंग्रजीवर बेतलेली. आंतरराष्ट्रीय मानकाला ती कशी चालणार? ‘शेजारच्यांनासुद्धा’ हा एकच लांबलचक शब्द मराठी वाचणाऱ्या मुलालाही कळतो, आणि ‘सापेक्ष’ या तीन अक्षरांशी मोठी माणसे अडखळतात. ही अडचण खरी होती, हे मान्य करायला हवे.

२००६ च्या मसुद्यावर औपचारिक हरकत आली. हरकत घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की आकलनाच्या आणि शिकण्याच्या अडचणी असलेल्यांसाठी ही मानके अपुरी आहेत, आणि तरीही ती पाळली की सगळ्यांची सोय झाली असा समज पसरेल. हरकतीने निकष बदलले नाहीत. अंतिम मजकुरात मात्र एक वाक्य आले. नव्या आवृत्तीत तीन प्राधान्यांच्या जागी ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा चढत्या पातळ्या होत्या; ए ही पायाभूत, आणि जितकी वरची पातळी तितकी तिची सक्ती कमी. ट्रिपल ए ही सर्वोच्च पातळी गाठणारा आशयही सर्व प्रकारच्या अपंगत्वांना पुरेसा असणार नाही, विशेषतः आकलन, भाषा आणि शिकणे या बाबतींत, असे ते सांगते. इतकी प्रामाणिक कबुली मानकांत विरळाच आढळते. पण कंत्राटात आणि कायद्यात जाताना वाक्य मागे राहिले आणि निकष तेवढे पुढे गेले.

६१ निकषांपैकी सोप्या भाषेचा निकष ट्रिपल एमध्ये गेला. मजकूर कळायला शाळेच्या पहिल्या नऊ वर्षांपेक्षा जास्त शिक्षण लागत असेल, तर पूरक साहित्य किंवा सोपी आवृत्ती द्या, असे तो सांगतो. मूळ मजकूर सोपा करा, असेही तो म्हणत नाही. कायदे सहसा डबल एपर्यंतच थांबतात. संपूर्ण संकेतस्थळावर ट्रिपल ए सक्तीचे करू नये, असे खुद्द मानकच सुचवते. म्हणजे १९९९ मध्ये ज्याच्यावाचून वापर अशक्य होता, ते २००८ मध्ये जमल्यास करावे असे झाले. निकष तपासण्याजोगे हवेत हे मला पटते. मोजपट्टी नाही म्हणून गरज कमी महत्त्वाची ठरली, हे आजही पटत नाही.

मोजता येणाऱ्या निकषांची अवस्थाही निर्दोष नव्हती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले ४.५ : १ हे किमान प्रमाण एका जुन्या मानकातल्या ३ : १ ला अंधूक दिसणाऱ्यांसाठी दीडने गुणून काढलेले आहे. ४.४८ आले की नापास, ४.५४ आले की पास. डोळ्याला तो फरक कळत नाही, आणि गडद पार्श्वभूमीवर हे सूत्र फसते अशी टीका आहेच. पानाच्या कोडमध्ये व्याकरणाच्या ठरावीक चुका नसाव्यात, हा निकष तर यंत्राला तपासायला सर्वांत सोपा, म्हणून पायाभूत पातळीवर बसला होता. २०२३ च्या २.२ आवृत्तीत तो काढून टाकला, कारण अशा चुका ब्राउझर कधीच सांभाळून घेऊ लागले होते.

आणखी एक गट यात कुठेच मोजला गेला नाही. डब्ल्यूसीएजीचा विषय अपंगत्व हा आहे. दुसऱ्या भाषेत वाचणारे, नुकते अक्षरओळख झालेले, संगणकाशी उतारवयात गाठ पडलेले, हे सगळे सोप्या भाषेच्या कलमाच्या आडोशाला उभे होते. ‘समावेशक’ हा शब्द नंतर सर्वतोमुखी झाला, पण त्यांच्यासाठी त्या शब्दामागे एकही सक्तीचा निकष आला नाही.

नंतरची वाटचाल थोडी उलट दिशेने झाली. २०१८ च्या २.१ आवृत्तीसाठी आकलनविषयक अनेक प्रस्ताव आले, सोप्या भाषेचाही पुन्हा आला. टिकले फार थोडे, आणि भाषेचा त्यांत नव्हता. २०२१ मध्ये याच विषयावर तपशीलवार मार्गदर्शन निघाले, पण ते बंधनकारक नाही. त्याच वर्षी तिसऱ्या आवृत्तीच्या पहिल्या मसुद्यात ‘होय-नाही’च्या जागी शून्य ते चार गुण सुचवले गेले. २.२ मध्ये लॉगिन करताना पासवर्ड आठवण्याची किंवा कोडे सोडवण्याची सक्ती डबल ए पातळीवर अमान्य झाली, तरी ‘चित्रांतल्या गाड्या ओळखा’ छापाच्या परीक्षेला सवलत राहिलीच.

भाषेचे कलम परतले ते वेगळ्याच दाराने. युरोपीय संघाने २०१९ मध्ये संमत केलेला सुगम्यतेचा निर्देश २८ जून २०२५ पासून लागू झाला. ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या बँकसेवांची माहिती ‘बी २’ पातळीपेक्षा कठीण नसावी, असे त्यात म्हटले आहे. परकी भाषा शिकणाऱ्यांची तयारी जोखण्यासाठी युरोपात सहा पातळ्यांची एक चौकट वापरतात, तिच्यातली ही चौथी पातळी. ती कोणत्याही एका भाषेवर बेतलेली नाही, आणि २००१ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले त्याच सुमारास, ती छापून प्रसिद्ध झाली होती.